अंबर लाइटबार आणि शिरवळचे वायरमन मामा: पावसाळा काढल्यानंतरचा रिव्ह्यू

लाइटबारला, म्हणजे टपावरच्या पिवळसर (अंबर) चमकत्या दिव्यांच्या पट्टीला, पाचपैकी तीन, मामांच्या वायरिंगला पाचपैकी पाच. घाईत असाल तर इथेच थांबा आणि गाडी शिरवळला न्या. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण बार घेण्याआधी मी जे जे रिव्ह्यू वाचले त्यांत ‘एकच नंबर, उजेड भारी’ याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. उजेड भारी आहे, हे खरंच. माझी पहिली तक्रार तीच आहे.

गाडी बोलेरो पिकअप. काम ब्रेकडाउनचं: पंक्चर, उतरलेली बॅटरी, तुटलेला फॅनबेल्ट, फाटलेला रेडिएटर पाइप, आणि डिझेल संपेपर्यंत गाडी हाणणारे शहाणे. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत आमची हद्द. त्यातली सगळ्यात वाईट जागा खंबाटकी. तेव्हा पुण्याकडून साताऱ्याला जाणारी वाहतूक घाट चढून जायची, साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून यायची, आणि बोगदा संपला की उतार आणि उतारावर ते सगळ्यांना माहीत असलेलं एस वळण. त्या उतारावर कडेला जॅक लावून बसायचं म्हणजे पाठीला डोळे हवेत. ताशी ८० नं येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर पुढे सरकतो. ड्रायव्हरच्या लक्षात यायला तीन सेकंद उशीर झाला तर तो ६६ मीटर जवळ आलेला असतो आणि ब्रेकवर पाय अजून पडायचाच असतो. टपावरचा दिवा आमच्याकडे शोभेला नसतो.

आधी टपावर दोन फिरते दिवे होते. जुन्या पद्धतीचे: आत ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब, भोवती फिरणारा आरसा, खाली छोटी मोटर. दिसायला ते आजही मला आवडतात. उजेडाचा झोत सावकाश फिरत येतो, अंगावर धावून येत नाही. पण दोन दिव्यांचे मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअर, शिवाय मोटरी. इंजिन बंद ठेवून दोन तास काम चाललं की बॅटरीतून १८-२० अँपिअर-तास गेलेच. दुसऱ्याची बॅटरी चार्ज करायला गेलेल्या माणसानं आपल्या गाडीला धक्का मागायचा, हा प्रकार एकदा झाला की पुरे. त्यात एका दिव्याची मोटर पावसात अडकायला लागली आणि खड्ड्यांनी बल्बची तार तुटणं नेहमीचं झालं. तेव्हा एलईडीवर जायचं ठरवलं.

बार चार फुटी, ऑनलाइन मागवलेला, सात हजारांच्या आत. पुढे-मागे अंबर, शिवाय मागच्या बाजूला काम करताना लावायचे दोन पांढरे दिवे. कंपनीचं नाव देत नाही, त्यात अर्थही नाही. हाच बार, हेच खोकं चार वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. १२ ते २४ व्होल्ट चालतो असं लिहिलंय. सगळे अंबर दिवे चालू असताना साधारण साठ वॅट, म्हणजे पाच अँपिअरच्या आत. पांढरे लावले की नऊपर्यंत जातं, पण ते सतत कोण लावतं?

मागवताना एक सांभाळा. त्याच पानावर, त्याच किमतीत लाल-निळा आणि लाल-पांढराही मिळतो आणि फोटोत तोच जास्त उठून दिसतो. घेऊ नका. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या टपावरचेसुद्धा लाल दिवे उतरलेत. लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस, आपत्ती व्यवस्थापन असल्या कामाच्या गाड्यांसाठी आहे. पंक्चरवाल्यानं निळा लावून हायवेला फिरायचं म्हणजे पावती घ्यायला स्वतःहून हात पुढे करणं. आमचा पोरगा दोन दिवस लाल-निळ्यासाठी मागे लागला होता, त्याला हे एवढंच सांगितलं. अंबरसुद्धा आम्ही गाडी कडेला लावल्यावरच पेटवतो. चालत्या गाडीवर चमकवत गेलं की लोकांची नजर मरते, मग खरी गरज असते तेव्हा कुणी बघत नाही.

आता वायरिंग. खोक्यात बारबरोबर तयार हार्नेस येतो: वायर, रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा), फ्यूज, स्विच, सगळं जोडलेलं. जाहिरातीत लिहिलेलं असतं, दहा मिनिटांत बसवा. मी तो तसाच उचलून मामांकडे नेला. मामांचं दुकान म्हणजे शिरवळला सर्व्हिस रोडला लागून पत्र्याची शेड, बाहेर कायम एक-दोन ट्रॅक्टर आणि एखादी स्कूल बस बॉनेट उघडून उभी. त्यांनी हार्नेस हातात घेतला, वायरीच्या टोकाच्या एका थिंबलला नुसतं चिमटीत धरून ओढ दिली, आणि थिंबल हातात आलं.

“ही वायर कुणी दिली रं तुला?”

“खोक्यातच होती, मामा.”

“मग खोक्यातच ठेव.”

त्यांचं बोलणं एवढंच. पण नुसतं बोलून सोडलं असतं तर हा रिव्ह्यू लिहिला नसता. त्यांनी तो हार्नेस तात्पुरता लावला, इंजिन चालू केलं आणि मल्टीमीटर माझ्या हातात दिला. बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट. टपावर चढून बारच्या कनेक्टरवर मोजलं तर १२.४. जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाटेतच गायब. वर इन्सुलेशन जाड असल्यानं वायर भरदार वाटते. सोलून बघितलं तर आत तांब्याच्या तारा शेवयांसारख्या. मग इंजिन बंद करून मागचा हवा भरायचा कॉम्प्रेसर चालू केला. बॅटरीचं व्होल्टेज खाली आलं, त्यात वायरीची घट मिळाली, आणि बारचा कंट्रोलर झोपून परत उठला. म्हणजे आपण लावलेला पॅटर्न, चमकण्याची तऱ्हा, जाऊन तो पुन्हा पहिल्या पॅटर्नवर. कॉम्प्रेसर दर वेळी सुरू झाला की हेच. ऑनलाइन रिव्ह्यूत ‘पॅटर्न आपोआप बदलतो, पीस खराब’ अशी तक्रार मी वाचली होती, ती हीच असणार. पीस बरा असतो, वायर उपाशी ठेवते.

मामांनी २.५ स्क्वेअर मिलिमीटरची जाड वायर टाकली, प्लसला आणि मायनसलाही. हा मायनसचा मुद्दा बरेच जण सोडतात. प्लस बॅटरीवरून आणायचा आणि मायनस टपाच्या कॅरियरला जवळच्या स्क्रूवर अडकवून द्यायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. कॅरियरवर पावडर कोटिंग, टपावर रंग, मध्ये रबरी पॅकिंग. अर्थिंग मिळणार कुठून? आणि उन्हाळ्यात मिळालं तरी पावसाळ्यात स्क्रूला गंज चढला की दिवा लुकलुकायला लागतो. आमच्या गाडीला जुन्या दिव्यांचं काम एकानं असंच करून ठेवलं होतं, वर प्लस चक्क पार्किंग लाइटच्या वायरीतून चोरला होता. मामांनी ती वायर कापून बाहेर काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. टेपचा जॉइंट काळा पडून कडक झालेला. नवीन मायनस सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत आणला. परत मोजलं तेव्हा बारवर १३.७.

फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. खोक्यातल्या हार्नेसमध्ये तो स्विचच्या टोकाला होता. तिथे असला तर बॅटरीपासून स्विचपर्यंतच्या वायरीला कुणी वालीच नाही. ती कुठे बॉडीला घासून सोलली तर फ्यूज बिचारा पुढे बसून बघत राहणार आणि मागे वायर पेटणार. रिले बॉनेटखाली, तोंड खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून आलेला प्लस, ८७ ला बार, ८६ ला केबिनच्या स्विचचा प्लस, ८५ ला अर्थ. स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, पाव अँपिअरपेक्षाही कमी. जुन्या फिरत्या दिव्यांचा सगळा नऊ अँपिअर डॅशबोर्डच्या स्विचमधून जायचा, आणि त्या स्विचचं प्लॅस्टिक मऊ पडून एका बाजूला झुकलं होतं.

टपाला भोक पाडू दिलं नाही त्यांनी. बार कॅरियरला नट-बोल्टनं बसवला आणि वायर केबिनच्या मागच्या गार्डवरून खाली, लवचीक पाइपमधून, चॅसीवरच्या कंपनीच्या हार्नेसला बांधत पुढे आणली. बारमधून बाहेर पडल्यावर वायरीला एक झोका दिलाय. पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरमध्ये जाण्याऐवजी झोक्याच्या तळाला येऊन टपकतं. जॉइंट फक्त दोन, दोन्ही क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह. टेपचा रोल त्यांनी बाहेर काढलाच नाही.

एका गोष्टीवर आमची चर्चा बराच वेळ चालली. मला बॅटरी उतरू नये म्हणून कट-ऑफ हवा होता, व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की बार बंद करणारा. मामांचं म्हणणं, तू टायरखाली हात घालून बसला असताना कॉम्प्रेसरनं व्होल्टेज ओढलं आणि दिवा आपोआप विझला, तर बॅटरी वाचली म्हणून कुणाला सांगणार? त्याऐवजी त्यांनी डॅशबोर्डवर छोटा व्होल्टमीटर लावला आणि त्याला बझर जोडला. ११.८ च्या खाली काटा गेला की बझर ओरडतो, पोरगा जाऊन इंजिन चालू करतो. दिवा चालूच राहतो. चावी काढून खिशात घातली तरी बार पेटलेला राहावा म्हणून फीड थेट बॅटरीवरून आहे, इग्निशनवरून नाही. हेही त्यांनीच आधी विचारून घेतलं: “गाडी सोडून लांब जातोस का?” जातो. कधी कधी बंद पडलेली गाडी शंभर पावलं पुढे असते.

आता उजेडाची तक्रार. पहिल्या रात्री कापूरहोळजवळ एका कंटेनरचं मागचं चाक काढत होतो. मागून आलेला एक ओळखीचा ट्रकवाला गाडी कडेला घेऊन उतरला आणि म्हणाला, “दादा, दिवा दिसतो, तुमी दिसत न्हाई.” बरोबर बोलला तो. रात्रीच्या काळोखात हा बार पूर्ण ताकदीनं चमकला की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिवळा पडदा उभा राहतो आणि त्या पडद्याआड चाकापाशी बसलेला माणूस गडप होतो. दुकानदार आणि व्हिडिओवाले मात्र बार विकतात तो याच डोळे दिपवण्यावर. युरोपातल्या नियमात, आर६५ म्हणतात तो, चांगल्या प्रतीच्या दिव्याला दिवसाची आणि रात्रीची अशा दोन पातळ्या असतात आणि चमकण्याचा वेग सेकंदाला दोन ते चार. आमच्या बारच्या डब्यावर यातलं काहीही छापलेलं नाही.

पण बारच्या केबलमध्ये एक जादा वायर होती. सूचनेच्या कागदावर तिला पॅटर्न बदलण्याची वायर म्हटलंय, आणि रंगही चुकीचा छापलाय. मामांनी टेस्ट लॅम्पनं एकेक वायर तपासून शोधून काढलं की तिला प्लस दिला की बार मंद होतो, निम्म्याहून कमी. ती त्यांनी पार्किंग लाइटच्या फीडला जोडली. या कामाला करंट नगण्य लागतो, त्यामुळे इथे पार्किंगमधून घेतलं तरी बिघडत नाही. आता रात्री पार्किंग लावले की बार आपोआप मंद, दिवसा पूर्ण. भर पावसात दिवसाही पार्किंग लावावे लागतात, तेव्हा मंद नको असतो. त्यासाठी मध्ये एक छोटा स्विच. एवढ्याचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या कामात हेच सगळ्यात मोलाचं आहे.

पॅटर्न भरमसाट आहेत. त्यातला एकच कामाचा: डावा भाग, उजवा भाग, सावकाश आलटून पालटून. बाकीचे लग्नाच्या वरातीत चालतील. पटापट तडतडणाऱ्या पॅटर्नमध्ये मागून येणाऱ्याला अंतराचा अंदाजच लागत नाही. गाडी उभी आहे की चालतेय, हेसुद्धा कळत नाही. धुक्यात तर तो तडतडाट सगळीकडून उसळून परत आपल्याच डोळ्यांत येतो. जूननंतर खंबाटकीच्या माथ्यावर ढग उतरतात तेव्हा आम्ही मंद आणि सावकाश हेच ठेवतो, आणि रस्त्यावर ठेवायचे कोन जास्त लांबपर्यंत मांडतो. मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टिव टेप आणि बाजूला पिवळी आधीपासून होती. ती पुसून स्वच्छ ठेवली की ट्रकच्या हेडलाइटमध्ये गाडीचा आकार दिसतो. बार नुसता एक ठिपका दाखवतो, आकार टेप दाखवते.

बारचे दोन गुण कापले, त्यातला पहिला पावसाळ्यानं. डब्यावर आयपी६७ छापलंय, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत पाणी जायला नको. पहिल्या मोठ्या पावसानंतर उजव्या टोकाच्या काचेला आतून वाफ धरली. मामांनी टोकाचं झाकण उघडलं, आतलं रबर एका कोपऱ्यात दुमडून बसवलेलं निघालं. ड्रायरनं सुकवलं, रबर सरळ केलं, वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन दिलं, खालची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली. आत गेलेल्या दमटपणाला बाहेर पडायला वाट हवी, हे त्यांचं कारण. त्यानंतर वाफ दिसलेली नाही. पण प्रेशर वॉशरचा फवारा त्या बाजूला मी मारू देत नाही, वॉशिंगवाल्याला आधीच सांगून ठेवतो.

दुसरा गुण रेडिओनं घालवला. बार चालू केला की एफएम खरखरतो. या स्वस्त बारच्या आतल्या सर्किटचा हा ठरलेला रोग. केबलवर खरखर अडवणारं फेराइटचं कडं चढवल्यावर पुण्याजवळची स्टेशनं साफ लागायला लागली. सुरूरच्या पुढे, जिथे मुळातच सिग्नल अर्धवट, तिथे अजून खरखर आहे. काम करताना गाणी कोण ऐकतं म्हणा, पण पोरगा ऐकतो.

बॅटरीच्या बाबतीत मात्र बारनं शब्द पाळला. दोन तास काम चाललं तरी बारनं खाल्लेला करंट दहा अँपिअर-तासांच्या आत, आणि रात्री मंद ठेवला की त्याहून बराच कमी. बझर ओरडतो तो कॉम्प्रेसरमुळे, बारमुळे अजून ओरडलेला नाही.

मामांबद्दल तक्रार करायची तर वेळेची. सोमवारी ये म्हणाले तर बुधवार धरा. फोन उचलत नाहीत, उचलला तर “गाडी घेऊन ये” एवढंच. मधेच एखादा ऊसवाला ट्रॅक्टर आला की तुमची गाडी बाजूला, कारण त्याची खेप खोळंबलेली असते. त्यावर हुज्जत घालून उपयोग नाही, मी घालून बघितली. बसायला एक बाकडं आणि एक फुटकी खुर्ची, चहा समोरच्या टपरीवरून. मजुरी, वायर, रिले, व्होल्टमीटर-बझर, पाइप, सगळं धरून तीन हजारांच्या आसपास झालं. बारच्या किमतीच्या जवळजवळ निम्मं. काहींना हे महाग वाटेल. त्यांनी एकदा मल्टीमीटर घेऊन आपापल्या टपावर चढावं.

बिल हवं असेल तर काम सुरू होण्याआधी सांगा, नंतर वही सापडत नाही. खोक्यातला हार्नेस बरोबर न्या. रिलेचा बेस आणि स्विच चांगले असले तर ते वापरून तेवढे पैसे कमी लावतात. लाल-निळा बार घेऊन जाऊ नका. माझ्यासमोर एक कारवाला तसला घेऊन आला होता, मामांनी खोकं उघडूनही बघितलं नाही. आणि जमलं तर सकाळी नऊच्या आत गाडी लावा, त्या वेळी ट्रॅक्टर आलेले नसतात.